‘नॉर्मल की सिझर?’ : बाळंतपणाची पद्धत आणि आईचे नंतरचे दिवस

बाळ झाल्याचा फोन आला की पहिला प्रश्न मुलगा की मुलगी हा असतो आणि त्याच दमात दुसरा येतो : ‘नॉर्मल की सिझर?’ उत्तर ‘नॉर्मल’ असेल तर पलीकडून ‘सुटली बिचारी’ असा सुस्कारा ऐकू येतो. ‘सिझर’ असेल तर डॉक्टरांच्या हेतूबद्दल एखादी शंका तरी व्यक्त होतेच. बाळंतिणीच्या शरीराची चौकशी बहुधा येथेच संपते. सहा महिन्यांनी तिला खोकताना लघवी आवरते का, वर्षभराने शरीरसंबंधांच्या वेळी दुखते का, हे विचारायला कोणी फोन करत नाही.

२०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के, गोव्यात ३९.५ टक्के होते आणि देशभरातील खासगी रुग्णालये वेगळी काढली तर ते ४७.४ टक्क्यांवर जाते. असे आकडे प्रसिद्ध झाले की चर्चा होते ती बिलांची आणि अनावश्यक शस्त्रक्रियांची. ती व्हायलाच हवी. मात्र त्या गदारोळात दोन समजुती बिनबोभाट पसरतात : एक, ‘नॉर्मल’ म्हणजे शरीराला काहीच तोशीस नाही, आणि दुसरी, सिझेरियन म्हणजे ‘खालचे’ सगळे जसेच्या तसे. दोन्ही अर्धवट आहेत, आणि दुसरी तर जिथे सर्वांत जास्त विश्वासाने सांगितली जाते, तिथेच सर्वांत कच्ची आहे.

दोन नव्हे, चार वाटा

‘नॉर्मल’ या शब्दाने उरलेल्या सगळ्या बायकांना नकळत ‘अॅबनॉर्मल’ ठरवले जाते, म्हणून या लेखात योनिमार्गे प्रसूती असे म्हणू. तिचे दोन प्रकार होतात. एकात बाळ आईच्या कळांवर आपसूक बाहेर येते; दुसऱ्यात डोके खाली आलेले असते, पण शेवटच्या टप्प्यात चिमटा, म्हणजे फोर्सेप्स, किंवा व्हॅक्यूमची वाटी लावून ते ओढून घ्यावे लागते. सिझेरियनचेही दोन प्रकार आहेत. एक आधी दिवस ठरवून, कळा सुरू होण्यापूर्वी केलेले; दुसरे तासन्‌तास कळा सोसल्यानंतर अचानक ठरलेले. हा फरक किरकोळ नाही. तातडीच्या सिझेरियनमध्ये बाईने कळाही सोसलेल्या असतात आणि पोटावर टाकेही पडलेले असतात. तिची तुलना सकाळी नऊची वेळ घेऊन आलेल्या बाईशी केली, तर निष्कर्ष चुकणारच.

नवारीची खाट

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंचा एक पडदा ताणलेला असतो. त्याला श्रोणितल म्हणतात. आपण त्याला नवारीची खाट समजू. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या खाटेवर विसावलेले असतात, आणि लघवीचा, योनीचा व शौचाचा मार्ग नवारीच्या पट्ट्यांमधून खाली उतरतो. या पट्ट्या आवळल्या की मार्ग मिटतात, सैलावल्या की उघडतात. शिंकताना लघवी न होणे, वायू आवरता येणे, शरीरसंबंधात सैलावणे आणि सुखाच्या क्षणी होणारे आकुंचन या सगळ्यांमागे हीच नवार असते.

योनिमार्गे प्रसूतीत बाळाचे डोके या नवारीतून वाट काढते, तेव्हा मधल्या पट्ट्या त्यांच्या मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणल्या जातात. बहुतेकींच्या पट्ट्या पुढच्या काही महिन्यांत पुन्हा बऱ्याच आवळतात. काहींमध्ये मात्र पट्टी हाडापासून सुटते, आणि फोर्सेप्स लावल्यास हा धोका बराच वाढतो. खाटेची ढिली नवार ओढून घट्ट करता येते. चौकटीपासून सुटलेली पट्टी नुसती ओढून जुळत नाही. व्यायामाने एका बाईला पूर्ण आराम पडतो आणि तोच व्यायाम तितक्याच नेमाने करणाऱ्या दुसरीला पडत नाही, याचे एक कारण येथे सापडते.

याखेरीज योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागाला इजा होऊ शकते. डॉक्टर तिच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत केवळ त्वचा फाटते, दुसरीत स्नायूही, तिसरीत शौच रोखणारा स्नायू आणि चौथीत गुदाशयाचे अस्तर. पहिल्या दोन सहसा विनासायास भरून येतात. तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या इजेची नोंद, दुरुस्ती आणि नंतरची तपासणी काटेकोर व्हावी लागते. आपल्याकडे ‘खालचे टाके’ म्हणतात ते अनेकदा फाटण्याचे नसून कात्रीने मुद्दाम दिलेल्या छेदाचे असतात. पहिलटकरणीला छेद द्यायचाच, अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी रुजली होती, कारण त्यामुळे मोठी इजा टळते असे मानले जाई. अभ्यासांनी उलटेच दाखवले : सरसकट छेद देण्यापेक्षा गरजेपुरता दिला तर गंभीर इजा कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट छेदाची शिफारस करत नसल्याचे स्पष्ट केले आहे.

मग सिझेरियनने नवार वाचते का?

बऱ्याच अंशी वाचते, आणि हे मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. नॉर्वेतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लघवी निसटण्याची तक्रार मूल न झालेल्यांपैकी १०.१ टक्के, केवळ सिझेरियन झालेल्यांपैकी १५.९ टक्के आणि केवळ योनिमार्गे प्रसूत झालेल्यांपैकी २१ टक्के स्त्रियांनी सांगितली. हे तीन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. सिझेरियनने धोका कमी झाला, पण तो मूल न झालेल्या बाईइतका खाली आला नाही. नऊ महिने खाटेवर वाढत गेलेले ओझे कोणत्या वाटेने उतरवले, याने त्या नऊ महिन्यांचा ताण पुसला जात नाही. ‘अंग बाहेर येणे’, म्हणजे गर्भाशय किंवा योनीच्या भिंती खाली सरकणे, या तक्रारीत फरक आणखी मोठा आहे. ती योनिमार्गे प्रसूतीनंतर, विशेषतः उपकरण वापरले असल्यास, स्पष्टपणे अधिक आढळते.

यावर एखादा जागरूक वाचक म्हणेल, की सिझेरियन होणाऱ्या स्त्रिया मुळातच वेगळ्या असतात, मग तुलना खरी कशी? आक्षेप रास्त आहे. चिठ्ठ्या टाकून पद्धत ठरवली तरच तो पूर्ण मिटेल, आणि तसे करणे सहसा शक्य नसते. पण बाळ पायाळू असलेल्या २,०८८ गर्भवतींच्या बाबतीत, २६ देशांत, ते एकदा करण्यात आले. तो अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी लघवी निसटण्याचे प्रमाण ठरवून सिझेरियन केलेल्या गटात ४.५ टक्के, तर योनिमार्गे प्रसूतीचा बेत असलेल्या गटात ७.३ टक्के होते. दोन वर्षांनी ज्या नऊशेहून अधिक मातांशी संपर्क झाला, त्यांच्यात हा फरक ठोसपणे उरला नव्हता, आणि शरीरसंबंध, वेदना, नैराश्य, पतीशी नाते यांतही दोन गटांत फरक दिसला नाही. दुसऱ्या गटातील बऱ्याच जणींचे अखेरीस सिझेरियनच झाले, त्यामुळे हा निकाल शेवटचा शब्द मानता येत नाही. पण ‘पोटातून काढले की सगळे वाचते’ या ठाम विधानाला तो पुरेसा अडवतो.

पोटाच्या टाक्यांचा हिशेब

सिझेरियनमध्ये त्वचा, चरबी, स्नायूंवरचे जाड आवरण, पोटाचे अस्तर आणि गर्भाशय असे एकेक थर उघडले जातात. पोटाचे स्नायू बहुधा कापत नाहीत, बाजूला सारतात. नेसलेल्या साडीच्या निऱ्या जशा एकमेकींवरून सरकतात, तसे पोटातले थर एरवी एकमेकांवरून सरकत असतात. जखम भरताना त्यांतले काही एकमेकांना चिकटू शकतात, जणू निऱ्यांना मधेच धावदोरा घातला. अशा चिकटलेल्या थरांमुळे काही स्त्रियांना हालचाल करताना, पाळीत किंवा शरीरसंबंधांच्या वेळी खोलवर ओढल्यासारखे दुखते. टाक्यांभोवती बधिरपणा किंवा झिणझिण्या अनेक महिने राहू शकतात. पाठीत दिलेल्या इंजेक्शनने जन्माची कंबरदुखी लागते, ही घरोघरची खात्री मात्र अभ्यासांत टिकलेली नाही. टोचल्या जागी काही दिवस दुखते, एवढेच. पुढच्या कंबरदुखीचे कारण बहुधा बाळाला घेऊन वाकण्या-बसण्यात आणि दुबळ्या झालेल्या पोटाच्या स्नायूंत असते.

खरी जोखीम पुढच्या गर्भारपणात आहे. वार, म्हणजे नाळेचा गर्भाशयाला चिकटलेला भाग, जुन्या व्रणात रुतून बसू शकतो आणि प्रसूतीच्या वेळी जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. तीस हजारांहून अधिक सिझेरियनच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात हे पहिल्या सिझेरियनच्या वेळी ०.२४ टक्के, तिसऱ्याच्या वेळी ०.५७ टक्के आणि चौथ्याच्या वेळी २.१३ टक्के स्त्रियांत आढळले. एकाच मुलावर थांबणाऱ्या बाईसाठी आणि तीन मुले हवी असणाऱ्या बाईसाठी हा हिशेब एकच नाही.

शरीरसंबंध : सर्वांत जास्त गैरसमज, सर्वांत कमी बोलणे

‘नॉर्मल झाले की सैल पडते, नवऱ्याचे लक्ष उडते’ हे वाक्य बायकाच बायकांना हळू आवाजात सांगतात. या एका वाक्यापोटी सिझेरियन मागणाऱ्या तरुणी आहेत, म्हणून त्याची तपासणी सविस्तर करायला हवी.

लंडनमधील, पहिले मूल झालेल्या ४८४ स्त्रियांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तीन महिन्यांनी ८३ टक्के आणि सहा महिन्यांनी ६४ टक्के स्त्रियांना लैंगिक बाबतीत काही ना काही अडचण होती. गरोदरपणापूर्वी हे प्रमाण ३८ टक्के होते. पहिल्या तीन महिन्यांत दुखण्याची तक्रार योनिमार्गे प्रसूतीनंतर अधिक होती, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण जखम तिथेच असते. सहाव्या महिन्यात पद्धतीनुसारचा हा फरक ठळक राहिला नाही.

मेलबर्नमधील पंधराशे पहिलटकरणींचा माग दीड वर्ष काढला गेला, तेव्हा चित्र आणखी उलटे झाले. प्रसूतीनंतर अठरा महिन्यांनीही जवळजवळ चौथा हिस्सा स्त्रियांना शरीरसंबंधांच्या वेळी दुखत होते. आणि ज्यांची प्रसूती आपसूक, टाके न पडता झाली, त्यांच्याशी तुलना करता ही तक्रार व्हॅक्यूम लावलेल्यांत, तातडीचे सिझेरियन झालेल्यांत आणि ठरवून सिझेरियन केलेल्यांतही अधिक होती. दुखण्याशी जोडल्या गेलेल्या इतर गोष्टींत गरोदरपणापूर्वीच असलेली वेदना, आईचा थकवा आणि जोडीदाराकडून होणारा छळ या होत्या. प्रसूतिगृहाच्या कागदावर यांतली एकही गोष्ट लिहिलेली नसते.

इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या परिसरात १९९१-९२ मध्ये गरोदर असलेल्या हजारो स्त्रियांना अठरा वर्षांपर्यंत वेळोवेळी प्रश्न विचारले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या विश्लेषणात शरीरसंबंधांतील आनंद आणि वारंवारता यांत सिझेरियन आणि योनिमार्गे प्रसूती या दोन गटांमध्ये फरक आढळला नाही. अकरा वर्षांनंतरच्या वेदनेत फरक होता, पण तो सिझेरियनच्या बाजूने नव्हे, विरुद्ध होता. ही वेदना सिझेरियनमुळेच आली असे त्यावरून सिद्ध होत नाही, कारण आधीपासून दुखणाऱ्या स्त्रियांचेच सिझेरियन अधिक झाले असणे शक्य आहे. मात्र सिझेरियनने लैंगिक सुख सुरक्षित राहते, या समजुतीला येथे कुठलाच आधार सापडत नाही.

राहिली ‘सैल’पणाची गोष्ट. योनी ही ताणून परत आवळणारी, घड्या असलेली स्नायूमय नळी आहे; एकदा वापरून ढिला झालेला इलॅस्टिकचा पट्टा नव्हे. वर्षभराने स्त्रिया जी तक्रार घेऊन येतात ती अनेकदा सैलपणाची नसतेच, नेमकी उलट असते. एकदा तव्याचा चटका बसला की पुढच्या वेळी हात आपसूक मागे येतो. त्याचप्रमाणे पहिल्या एक-दोन वेळी दुखले की नवार पुढच्या वेळी आधीच आवळून घेते, आवळल्यामुळे आणखी दुखते, आणि हे चक्र सिझेरियनने प्रसूत झालेल्या बाईतही तितकेच बसू शकते. अशा बाईला ‘व्यायाम करून घट्ट कर’ असे सांगणे म्हणजे आजार वाढवणे आहे. तिला सैल सोडायला शिकण्याची गरज असते.

दूध, जागरण आणि घर

दोन्ही वाटांनी आलेल्या बाळाला दूध पाजावेच लागते, आणि पद्धतीपेक्षा मोठा परिणाम कधीकधी येथेच दडलेला असतो. स्तनपान सुरू असताना प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेले आणि इस्ट्रोजेन खाली गेलेले असते, त्यामुळे योनीचे अस्तर पातळ व कोरडे होते आणि इच्छाही मंदावते. तिशीतल्या आईच्या शरीरात काही महिने पाळी जाण्याच्या वयातली कोरड येते. हा तिचा दुरावा नाही की नवऱ्यावरचा राग नाही. पाण्यावर आधारित वंगण, म्हणजे ल्युब्रिकंट, याने पुष्कळ फरक पडतो. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल मात्र टाळावे, कारण तेलाने रबर कमकुवत होऊन फाटते. पाळी सुरू झाली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, हेही खरे नाही. पहिल्या पाळीच्या आधीही बीज बाहेर पडू शकते, आणि सिझेरियननंतर लगेच दिवस जाणे व्रणासाठी विशेष जोखमीचे असते.

शरीरसंबंध पुन्हा कधी सुरू करावेत याचा पंचांगात मुहूर्त नाही. अंगावरून जाणे थांबलेले असावे, जखम भरलेली असावी आणि बाईची स्वतःची इच्छा असावी. पहिल्या दोन अटी बहुधा सहा आठवड्यांत पूर्ण होतात. तिसरी कधी होईल हे तिचे तीच सांगू शकते. माहेरच्या सव्वा महिन्याने शेकशेगडी आणि डिंकाच्या लाडवांबरोबर बाईला एक आडपडदाही दिला होता, हे त्या रिवाजाचे श्रेय मानावे लागेल. सासरी परतल्यावर मात्र ती ‘बरी झाली’ असे सगळ्यांनी परस्पर गृहीत धरलेले असते.

मनाला कोणती वाट लागते?

प्रसूतीनंतरचे नैराश्य पद्धतीवर फारसे ठरत नाही. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयातील मातांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे महत्त्वाचा आहे. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यात होत्या, आणि त्याचा संबंध दिसला तो आर्थिक ओढाताण व बिघडलेले वैवाहिक नाते यांच्याशी. मुलगी झाली असेल तर हा भार आणखी वाढत होता. त्यांतल्या बहुतेक स्त्रिया प्रसूतीपूर्वीच मानसिक ताणात होत्या.

प्रसूतीचा मानसिक आघात ही वेगळी बाब आहे. प्रसूतीचे प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, दचकून जाग येणे, रुग्णालयाच्या वासानेही घाबरणे ही त्याची लक्षणे आहेत. तो तातडीच्या सिझेरियननंतर आणि उपकरण लावलेल्या प्रसूतीनंतर अधिक आढळतो, पण त्याच्या मुळाशी छेद कोठे दिला याहून आपल्याला विचारले गेले का, सांगितले गेले का, आपल्यावर ओरडले गेले का हे प्रश्न असतात. कळांच्या खोलीत ओळखीची एक बाई सोबत असली तरी अनुभव सुधारतो, म्हणूनच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत अशा सोबतिणीला मुभा दिली. मन सावरत नसेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

‘आमच्या आज्यांना तर काही झाले नाही’

शेतात बाळंत झालेली आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागलेली आजी प्रत्येक घरात असते. तिचे काय होत होते, हे कोणी विचारले नव्हते एवढेच. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचे दिसले, आणि त्यांपैकी जेमतेम ८ टक्क्यांची पूर्वी कधी अशी तपासणी झालेली होती. त्या आजारांत जंतुसंसर्ग पुष्कळ होते, सगळे बाळंतपणाचे नव्हते. पण बायका बोलत नाहीत म्हणजे त्यांना काही होत नाही, हे अनुमान त्या दिवसापासून करता येत नाही.

आजही व्यवस्थेचे लक्ष बाळाकडेच अधिक आहे. दवाखान्यात प्रसूती झाल्यावर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्या कार्यक्रमाचे नावच मुळी नवजात बालकाची घरगुती काळजी असे आहे.

काय करता येते आणि कोणाला सांगायचे

गरोदरपणाच्या चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापासून योनी व गुदद्वार यांमधल्या भागाला मालीश केल्यास पहिलटकरणीत टाके पडण्याचे प्रमाण कमी होते. बाळाचे डोके दिसू लागल्यावर त्या भागावर कोमट पाण्याची घडी धरल्यास गंभीर इजा कमी होतात. दोन्हींना खर्च नाही, डॉक्टरांना आधी विचारण्याचे धाडस तेवढे लागते. प्रसूतीनंतर नवार आवळण्याचा व्यायाम लघवी निसटण्यावरचा पहिला उपचार आहे : वायू रोखताना आवळतो तसे आवळायचे, काही क्षण धरायचे आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. लघवी मधेच रोखून हा सराव करू नये.

लंडनच्या त्या पाहणीत अडचण असलेल्यांपैकी केवळ १५ टक्के स्त्रियांनी ती डॉक्टर किंवा परिचारिकेजवळ बोलून दाखवली होती. आपल्याकडे संधी ठरलेली असते : बाळाला दीड महिन्याची लस द्यायला आई दवाखान्यात जातेच. तेथे ‘टाक्यांच्या जागी दुखते’, ‘शिंकले की लघवी होते’, ‘जवळ आल्यावर दुखते’ यांपैकी लागू असेल ते एक वाक्य पुरते. त्यावर डॉक्टरांनी ‘होईल हळूहळू’ म्हणून चिठ्ठी लिहू नये, तपासावे. टाक्याच्या टोकाशी उरलेला कोवळ्या मांसाचा दुखरा उंचवटा जागच्या जागी काढता येतो, कोरडेपणावर इस्ट्रोजेनचे मलम देता येते, खाली उतरलेल्या गर्भाशयाला रिंग बसवून आधार देता येतो, आणि आवळून बसलेली नवार सैल करायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आता मुंबई-पुण्यात आहेत.